डाव्या अंगठ्याच्या रोस्किया

हवालदाराच्या बायकोला नाही म्हणायची सोय त्या गावात कोणालाच नव्हती, मग कासिल्दाला कुठून असणार? एल्विराबाई सोमवारी सकाळी तिच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मागे बंदूकवाला शिपाई आणि त्याच्या दोन्ही हातांत पिशव्या.

“गुरुवारी तालुक्याहून कॅप्टनसाहेब जेवायला येताहेत,” एल्विराबाई म्हणाल्या. “पवित्र आठवडा आहे, ईस्टर तोंडावर. ताटात तळलेल्या गोड रोस्किया नसल्या तर आमची शोभा होईल. मला मेलीला त्या जमत नाहीत. तुझ्या सासरच्या रोस्कियांचं नाव अजून काढतात लोक. म्हटलं, तुलाच सांगावं.”

“बाईसाहेब, सासूबाईंची सर माझ्या हाताला कुठली? त्यांनाच सांगितलंत तर…”

“त्यांचे हात आता थरथरतात. तूच कर. बुधवारी दुपारी न्यायला येईन.”

एवढे बोलणे होईस्तोवर शिपायाने पिशव्या टेबलावर रिकाम्या केल्यासुद्धा. पांढरेशुभ्र गव्हाचे पीठ, ऑलिव्हच्या तेलाचा डबा, अंडी, साखर, संत्री, बडीशेप आणि बडीशेपेच्या दारूची बाटली. यादवी युद्ध संपून चार वर्षे झाली होती, पण असले पीठ गावाने तेव्हापासून डोळ्यांनी पाहिले नव्हते. लोक जवाची काळी भाकरी खात होते आणि तीही मिळाली तर. दुसरी कोणी असती तर त्या पिठात हात घालून रडली असती. कासिल्दाला मात्र एकच दिसत होते. शिपाई स्वयंपाकघरात उभा होता आणि त्याची पाठ भांड्यांच्या कपाटाला लागली होती.

त्या कपाटाच्या मागे तिचा नवरा होता.

एवारिस्तो हरलेल्या बाजूचा. लढाईच्या आधी गावातल्या शेतमजुरांच्या संघाचा कारभार बघायचा, म्हणजे जमीनदारांच्या डोळ्यांत सलायचा. त्याच्याबरोबरचे जे सापडले त्यांना दफनभूमीच्या भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या. तो आघाडीवर मेला असे गाव समजत होते. कासिल्दा काळे कपडे घालून हिंडत होती, विधवा म्हणून लोक तिला वाट देत होते. खरे तर तो डोंगरातून लपतछपत घरी आला होता आणि त्या दिवसापासून कपाटाच्या मागच्या फळीआड, गोठ्याच्या भिंतीला लागून असलेल्या बोळकांडीत राहत होता. तिथे जेमतेम आडवे होता येई. फळी लागली की घंटा किंवा ओरडणे तेवढे आत पोचे, स्वयंपाकघरातले साधे बोलणे नाही. हे फक्त त्या दोघांनाच माहीत होते. एवारिस्तोच्या आईलाही नाही. रेमेदियोसबाईंच्या पोटात काही राहत नसे आणि राहिलेच तर चेहऱ्यावर उमटे. म्हाताऱ्या बाईने मुलासाठी रडरड रडावे आणि कासिल्दाने तिच्या पाठीवरून खोटा हात फिरवावा, असे चालले होते. ह्या पापाला क्षमा नाही असे कासिल्दाला मनातून वाटे. पण नवऱ्याचा जीव आणि सासूचे अश्रू यांत काय निवडायचे, हे तिला कोणी विचारले नव्हते.

शिपाई गेला, एल्विराबाई गेल्या. कासिल्दाने दाराला अडसर घातला आणि ती तशीच दाराला टेकून उभी राहिली. 

त्यात आणखी एक आफत होती. ठाण्याची धुणी तीच धुवायची, राखेच्या पाण्यात हात घालून. त्याने तिच्या उजव्या अंगठ्याला नखुरडे झाले होते. अंगठा सुजून लाल झालेला, वर चिंधी. भांडे उचलताना डोळ्यांतून पाणी येई. त्या अंगठ्याने कणीक मळणार कशी आणि रोस्कियांच्या गोल कड्या वळणार कशा? दुसऱ्या बाईला मदतीला बोलवावे तर घरात आणखी दोन डोळे आणि दोन कान. ते नकोच.

बुधवारी सकाळी सगळी आळी चर्चमध्ये गेली. कासिल्दाने तेल चुलीवर ठेवले, त्यात लिंबाची साल टाकली, साल काळी पडून तेलाचा उग्र वास गेला तसे उतरवून त्यात बडीशेप घातली. अंडी फोडली. अंड्याच्या अर्ध्या कवचानेच तेल मापायचे, त्यानेच संत्र्याचा रस आणि त्यानेच दारू. अंडे मोठे तर माप मोठे, अंडे लहान तर माप लहान, त्यामुळे चूक व्हायचे कारणच नाही. पीठ मात्र कणीक मागेल तेवढे. मळायला घेतले आणि अंगठ्यातून अशी कळ आली की तिने ओठ चावला.

मागची फळी सरकली. ताटे बाजूला झाली आणि एवारिस्तोचे पांढरेफटक तोंड कपाटातून बाहेर आले.

“सरक,” तो म्हणाला. “त्या अंगठ्यानं तू रोस्किया नाही, दगड वळशील.”

“आत जा आधी. दिवसाढवळ्या बाहेर येतोस?”

“आळीत कुत्रंही नाही. घंटा ऐकली मी. आणि दाराला अडसर आहे ना?”

“आहे.”

“मग दे इकडे. आईबरोबर मी हेच करत वाढलोय. कॅप्टनच्या पोटात माझ्या हातचं जाऊ दे एकदा. मेल्याला काय कळणार आहे?”

तो हसला. किती दिवसांनी हसला. म्हणूनच कासिल्दाने त्याला अडवले नाही, आणि पुढे आयुष्यभर ह्या गोष्टीचा तिला अचंबा वाटत राहिला. तिच्यासारखी बाई, जी खोकताना आधी खिडकीकडे बघायची, ती त्या सकाळी भुलली. नवरा टेबलाशी बसून कणीक मळतोय, हाताला तेल लावून लांब वळी करतोय, टोकावर टोक ठेवून अंगठ्याने दाबतोय आणि कडी फडक्यावर ठेवतोय, मधेच कच्च्या कणकेचा गोळा तोंडात टाकतोय. एखाद्या साध्या घरातला साधा दिवस. ती त्याच्याकडे बघत बसली. तिला भीती वाटत होती आणि आनंदही होत होता, आणि दोन्हींनी छातीत सारखेच धडधडत होते.

फडके कड्यांनी भरले. तिने कढई चढवली. पहिल्या कड्या तेलात बुडाल्या, वर आल्या, फुगल्या. वेताची काडी भोकात घालून ती त्या फिरवू लागली, म्हणजे भोक मिटत नाही. बाहेर काढून गरम असतानाच साखरेत घोळवायच्या. वास घरभर झाला, मग दाराच्या फटीतून आळीत गेला.

“आता आत जा,” ती म्हणाली. “ह्या वासानं सगळं गाव येईल.”

“एवढ्या चार वळतो आणि जातो.”

दारावर थाप पडली.

“कासिल्दा, उघड ग. वासानंच पोट भरलं आमचं.” एल्विराबाईंचा आवाज.

दुपारी येते म्हणणारी बाई सकाळीच उगवली होती. एवारिस्तो आवाज न करता उठला. कपाटात शिरला, फळी सरकली. कासिल्दाने ताटे जागच्या जागी लावली, त्यातले एक दुसऱ्यावर वाजले. टेबलाशी ओढलेली खुर्ची तिने भिंतीला लावली. मग अडसर काढला.

एल्विराबाई आत आल्या, मागून शिपाई आणि त्याच्या मागून काळ्या रुमालात डोके गुंडाळलेल्या रेमेदियोसबाई. सासूला बघून कासिल्दाचे उरलेसुरले अवसान गळाले.

“चर्चच्या दारात ह्या दिसल्या,” एल्विराबाई म्हणाल्या. “म्हटलं, चला, चाखून सांगा सुनेला जमल्यात का. सांगाल ना खरं?”

“मी खोटं कधी बोलले?” रेमेदियोसबाई म्हणाल्या. ते मात्र खरे होते. हेच तर भय होते.

शिपायाने बंदूक कपाटाच्या कडेला टेकवली आणि चुलीजवळ हात शेकत उभा राहिला. कपाटातली ताटे किंचित किणकिणली. कासिल्दाने कढईत काडी जोरात आपटली, म्हणजे सगळ्यांचे लक्ष इकडे यावे.

आणि लक्ष आलेही, पण भलतीकडे. एल्विराबाईंनी तिचा हात बघितला.

“हे काय ग? अंगठ्याला काय झालं?”

“काही नाही बाईसाहेब. नखुरडं आहे.”

“बघू.” त्यांनी तिचा हात धरला आणि चिंधी वर सरकवली. “अगं बाई, सोललाय की हा. ह्या हातानं एवढी कणीक मळलीस?” त्यांनी टेबलावरच्या फडक्याकडे बघितले. फडकेभर कड्या, एकसारख्या, घट्ट, गुळगुळीत. “आणि ह्या वळल्यास? मला तर धडधाकट हातानं जमत नाहीत.”

कासिल्दाने हात मागे घेतला. डोक्यात काहीच येईना. काहीतरी बोलायला हवे होते, कुठल्यातरी शेजारणीचे नाव सांगायला हवे होते, पण सगळ्या शेजारणी चर्चमध्ये ह्याच बाईच्या डोळ्यांसमोर बसल्या होत्या. शिपाईही आता तिच्याकडे बघत होता. एल्विराबाईंची नजर वाईट नव्हती, नुसती तीक्ष्ण होती. पण हवालदाराच्या घरात जेवताना बोललेला शब्द हवालदाराच्या कानात जातो, एवढे कासिल्दाला कळत होते. आज रात्री ठाण्यात कोणी सहज म्हणेल, त्या विधवेच्या घरात कणीक मळते कोण? मग उद्या पहाटे भिंती ठोकून बघायला येतील. मग दफनभूमी.

तेवढ्यात रेमेदियोसबाई टेबलाशी गेल्या. चाखायच्या म्हणून आलेल्या, पण त्यांनी साखर लावलेली सोडून फडक्यावरची कच्ची कडी उचलली. तळहातावर घेतली. आणि त्यांची नजर तिथेच थबकली.

कासिल्दानेही तेव्हाच बघितले, आणि जे तिला सकाळपासून दिसायला हवे होते ते आता दिसले. गावातल्या बायका आपापल्या हाताची रोस्किया दुसऱ्याच्या ताटातून ओळखतात. कुठे वळी जाड, कुठे टोक बाहेर, कुठे नखाची रेघ. ह्या कडीवर जोडाच्या जागी अंगठ्याचा खळगा होता आणि तो उलट्या बाजूला कललेला होता. डावा अंगठा. एवारिस्तो डावखुरा. शाळेत मास्तरांनी त्या हातावर पट्ट्या मारल्या, पाद्र्याने तो पाठीशी बांधायला लावला, पण आईच्या टेबलाशी बसून रोस्किया वळताना मात्र आईने त्याला कधी अडवले नव्हते. उभ्या गावात ही कडी कोणी ओळखणार नव्हते. ओळखणारी एकच बाई होती आणि ती इथे उभी होती.

रेमेदियोसबाईंनी ती कडी डोळ्यांजवळ नेली. चेहऱ्यावरचा रंग उतरला. कासिल्दा त्यांच्याकडे बघत राहिली. आता ही बाई मुलाच्या नावाने हाक मारणार, असे तिला वाटले. आता सगळे संपणार. ती मनातल्या मनात विनवत होती, आई, नका हो, नका.

“तिनं कुठल्या वळल्यात?” रेमेदियोसबाई म्हणाल्या. आवाज चिरका होता, पण तो नेहमीच चिरका असे. “मी वळल्या.”

“तुम्ही?” एल्विराबाई वळल्या. “कधी?”

“सकाळी. उजाडायच्या आत आले, मळून वळून ठेवल्या आणि चर्चला गेले.”

“मग वाटेत बोलला नाहीत ते?”

“तुम्ही बोलू दिलंत तर ना? चर्चपासून इथवर तुमच्या विहिणीच्याच गोष्टी.”

शिपायाने हसू दाबले. एल्विराबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक कडी उचलली आणि उलटसुलट करून बघितली.

“पण तुमचे हात तर थरथरतात.”

“कामाला लागले की थांबतात.”

“मग मला दाखवाच,” एल्विराबाई खुर्ची ओढून बसल्या. “समोर करून दाखवलंत तर मलाही येईल. दर वर्षी लोकांच्या दारात कुठे यायचं?”

 रेमेदियोसबाईंनी बाही सारली. कवचात उरलेले तेल हाताला लावले. कणकेचा गोळा घेतला, टेबलावर लांब वळला. वळी एका बाजूला जाड झाली. त्यांनी ती मोडली, पुन्हा वळली. हात थरथरतच होते. मग टोकावर टोक आणले, आणि त्यांचा उजवा हात पुढे आला, साठ वर्षांच्या सवयीने. उजव्या अंगठ्याचा खळगा फडक्यावरच्या खळग्यांशी जुळणार नव्हता.

तो हात मधेच थांबला. रेमेदियोसबाईंनी तो कमरेच्या फडक्याला पुसला आणि तिथेच ठेवला. डाव्या हाताचा अंगठा त्यांनी जोडावर ठेवला आणि दाबला.

“हे असं. उजव्या अंगठ्यात माझ्या जोर उरला नाही, म्हणून डाव्यानं. तुम्ही उजव्यानंच करा.”

एल्विराबाईंनी ती कडी घेतली आणि फडक्यावरच्या एका कडीशेजारी ठेवली. वाकून बघितले. चुलीवर तेल कडकडत होते. कासिल्दाला कपाटाकडे बघायचे नव्हते आणि मान तिकडेच वळू पाहत होती. तिने डोळे कढईत खुपसले.

“ही जरा वेडीवाकडी झाली,” एल्विराबाई म्हणाल्या.

“तुम्ही टक लावून बसलात की माझं असंच होणार.”

“बरं, बरं.” एल्विराबाई शेवटी हसल्या. “मी करून बघते एक.”

त्यांनी एक केली, मग दुसरी. दोन्ही बिघडल्या. कासिल्दा तळत राहिली, रेमेदियोसबाई साखरेत घोळवत राहिल्या, शिपायाने तोंड भाजून घेत दोन खाल्ल्या. सगळे तळण संपेपर्यंत एल्विराबाई हलल्या नाहीत. कासिल्दाचा अंगठा ठणकत होता, पण तिला तो आपला वाटत नव्हता. अखेर टोपली भरली, वर स्वच्छ फडके बांधले. शिपायाने बंदूक उचलली, ताटे पुन्हा किणकिणली, आणि दोघे बाहेर पडले.

कासिल्दाने दार लोटले. सासूकडे बघायचे धैर्य तिला होईना. ती कपाटाशी गेली आणि तिने ताटांना हात घातला.

“हात लावू नकोस.” रेमेदियोसबाई कुजबुजल्या. त्या चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या.

कासिल्दा त्यांच्या पायाशी जाऊन बसली.

“आहे?”

कासिल्दाने मान हलवली.

“धड आहे?”

“आहे.”

“जेवतो?”

“जेवतो.”

म्हाताऱ्या बाईने रुमालाचे टोक तोंडात कोंबले आणि ती गदगदून हलू लागली. आवाज मात्र येऊ दिला नाही. मग रुमाल काढला.

“चार वर्षं,” ती म्हणाली. “चार वर्षं मला मेलेल्या पोराची आई करून ठेवलंत. तुला मी कधी माफ करणार नाही, कासिल्दा.”

“नका करू. पण बघून तरी जा त्याला. फळी सरकवते.”

“नको. बघितलं तर माझ्या तोंडावर दिसेल. मला माझं तोंड ठाऊक आहे. आज निभावलं, कारण काही कळायच्या आत बोलून गेले. उद्या नाही निभवणार. ह्या घरात पाय टाकला की माझी नजर त्या कपाटाकडे जाणार, आणि ती बया आंधळी नाही.”

“मग काय करायचं?”

“मी यायचं नाही. पुन्हा कधीच.” रेमेदियोसबाई उठल्या. कासिल्दाच्या खांद्यावर भार देऊन उठल्या आणि तो खांदा त्यांनी दुखेस्तोवर दाबला. “आणि त्याला सांगायचं नाही मला कळलंय म्हणून. माझा पोरगा आहे तो. कळलं तर एखाद्या रात्री मला भेटायला बाहेर पडेल. शप्पथ घे.”

कासिल्दाने शपथ घेतली.

“आता मी का येत नाही ते गावाला कळायला हवं,” रेमेदियोसबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे पुसले, रुमाल घट्ट केला आणि दार सताड उघडले. चर्च सुटले होते, आळीत बायका होत्या. वरच्या अंगाला एल्विराबाईंची टोपली अजून दिसत होती.

“लाज वाटते का ग तुला?” रेमेदियोसबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून ओरडल्या. “माझ्या पोराच्या हाडांचा पत्ता नाही आणि तू त्याच्या घरात कढई चढवतेस? गोड तळतेस? आणि मीसुद्धा वेडी, तुला मदत करायला आले. ह्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवला तर नाव बदला माझं.”

बायका थांबल्या. एल्विराबाईही थांबल्या आणि वळून बघू लागल्या. कासिल्दा दारात नुसती उभी होती. सासू तिच्याकडे डोळे रोखून बघत होती, आणि मग तिला कळले की आपणही बोलायचे आहे.

“येऊ नका,” ती ओरडली. “कोणी बोलावलं होतं? जिवंत माणसानं खायचं नाही का? तुमच्या रडण्याचा वीट आला मला.”

“हडळ आहेस तू, हडळ.”

“असू दे. जा तुम्ही.”

दोघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होते. लोकांना ते संतापाचे वाटले. एका शेजारणीने रेमेदियोसबाईंना दंडाला धरून नेले, आणि त्या मागे वळून शिव्या घालत घालत आळीच्या टोकाला दिसेनाशा झाल्या. एल्विराबाईंनी मान हलवली आणि त्या पुढे चालू लागल्या.

कासिल्दा आत आली. अडसर घातला. फळी किंचित सरकली आणि एवारिस्तोचा दबका, रागावलेला आवाज आला.

“ऐकलंस ना काय काय बोलली? बरं झालं आपण तिला कधी सांगितलं नाही.”

“हो,” कासिल्दा म्हणाली. “बरं झालं.”